भुलेची सिरिंज आणि ठेकेकाकांची दाढ

या मित्रांनो, असे जवळ या. आणखी थोडे जवळ. गोष्टीपुरता मिळालेला माझा आवाज लहान आहे, आणि ज्या खणात मी पडून आहे तो पुरता उघडत नाही. हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा. मी तुम्हाला एका माणसाच्या काळजाची गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून घरी नेलीत, तर कुठेतरी एखादे काळीज वाचेल, असा माझा भाबडा विश्वास आहे.

मी एक जुनी सिरिंज आहे. दातांच्या दवाखान्यातली, भूल देणारी. मला बघितले की भल्याभल्यांचे पाय लटपटतात, पण माझ्या अंगी तसे भिण्यासारखे काही नाही. पोलादाची पोकळ नळी, तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या, पुढे सुई बसवायची जागा आणि मागे एक दांडा. दांड्याच्या शेवटाला अंगठा जाईल एवढे कडे. औषधाची काचेची कुपी माझ्या कुशीत बसे, आणि दांड्याच्या टोकाचा बारीक काटा कुपीच्या रबरी बुचात रुतून राही. म्हणजे अंगठा पुढे गेला की औषध पुढे, आणि अंगठा मागे आला की बूचही मागे.

हे मागे येणे फार महत्त्वाचे, बरे का. कारखान्यात ज्या कारागिराने मला घासूनपुसून तयार केले, तो माझ्या कड्यात अंगठा घालून दांडा पुन्हापुन्हा मागे ओढून बघे. शेजारचा त्याला म्हणाला, "अरे, सुई टोचायला असते का खेचायला? पुढे ढकलून बघ की!" तेव्हा हा म्हणाला, "ढकलायला काय, कुणीही ढकलेल. मागे येताना अडली, तर एखाद्याच्या जिवावर बेतेल." त्याच्या बोटांना तेलाचा वास येत होता. तो वास माझ्या अंगावरून केव्हाच उकळून गेला, पण ते बोलणे मात्र गेले नाही.

मग मी डॉक्टरबाईंकडे आले.

डॉक्टरबाई म्हणजे नुसती लगबग! स्टुलावर बसल्या तरी एक पाय हलत असे. एका हाताने रोग्याचा गाल धरलेला, दुसरा हात आरशाकडे, आणि मान फोनकडे वळलेली. त्यांच्या हाताखाली एक सिस्टर होत्या, त्या म्हणत, "बाई, तुम्ही झोपेत तरी स्थिर असता का हो?" बाई हसत आणि हसताहसता तीन कामे उरकत. आणि माझेही तसेच चाललेले. तबकात ठेवली की उचलली, उचलली की टोचली, टोचली की धुतली, मग वाफेच्या भांड्यात कोंडली, आणि अंग निवते न निवते तो पुन्हा तबकात. निवांतपणा म्हणून तो मला ठाऊकच नव्हता.

पण मित्रांनो, भूल देण्याचे काम घाईचे नव्हे. त्या औषधात दोन गोष्टी असतात. एक सुन्न करणारी. दुसरी ॲड्रेनलिन नावाची, जी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आवळून धरते, म्हणजे औषध लवकर वाहून जात नाही आणि रक्तही कमी येते. आता ही ॲड्रेनलिन काही परकी नाही. तुम्ही कुत्र्याला घाबरून पळता ना, तेव्हा तुमचे शरीर हीच वस्तू स्वतः रक्तात सोडते. देवाने संकटातून पळण्यासाठी दिलेली ही शिदोरी. थोडी आणि हळूहळू दिली, तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही. पण सुईचे टोक चुकून रक्तवाहिनीत असले आणि अंगठा भरकन पुढे गेला, तर ती थेट हृदयाच्या दारावर जाऊन धडका मारते.

म्हणून दोन नियम. पहिला, औषध सोडण्याआधी थांबून दांडा किंचित मागे ओढायचा. काचेच्या कुपीत लाल धागा दिसला, तर समजायचे की जागा चुकली. दुसरा, औषध सावकाश सोडायचे.

डॉक्टरबाईंना आपल्या हाताची घाई ठाऊक होती. हाताला लगाम हवा म्हणून त्यांनी स्वतःच दोन ओळी रचल्या होत्या आणि त्या गुणगुणतच बाई सुई देत:

हळूच ये गं, नीज बाई, हळूच ये;
दाराशी जरा थांब, मग आत ये.

"थांब" हा शब्द आला की गाणे तिथेच थबके. त्या रिकाम्या जागेत त्या दांडा मागे ओढत आणि खिडकीतून कुपीकडे बघत. काच स्वच्छ दिसली की मगच "मग आत ये", आणि तीच ओळ लांबवत, घोळवत औषध आत जाई. रोग्यांना वाटे, बाई आपल्याला जोजवताहेत. मला ठाऊक होते की त्या स्वतःच्या अंगठ्याला जोजवत होत्या.

माझे कौतुकही झाले. "सुई लागलीच नाही हो!" असे कुणी म्हटले की मी तबकात उगाच चमकत असे. कधीमधी एखाद्याला धडधडही होई. एकदा एका बसचालकाने खुर्चीचे हात घट्ट धरून आरोळी ठोकली, "डॉक्टर, छातीत घोडा सुटलाय माझ्या!" बाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "सुटू दे. औषधातला आहे, लगेच दमेल. लांब श्वास घ्या." आणि खरोखरच थोड्या वेळात घोडा दमला. बसचालक उठून म्हणाला, "मला ही सुई चालत नाही असं लिहून ठेवा." बाईंनी त्याला समजावले की हे काही वावडे नव्हे, थोडे औषध रक्तात लवकर मिसळले इतकेच. असे आणखी दोनचार झाले, आणि सगळे बरे होऊन घरी गेले.

त्यामुळे झाले काय, की धडधड म्हटली की दवाखान्यात कुणी दचकेनासे झाले. मला मात्र चैन पडत नसे. टोक माझे, आत काय आहे ते मला कळते. पण तेव्हा मला ना तोंड होते, ना आवाज. ज्याला सांगता येत नाही त्याची तळमळ तुम्हाला कशी सांगू?

आणि मग ठेकेकाका आले.

ठेकेकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे. प्रार्थनागृहात भजनांना तबल्यावर साथ करायला ते वर्षानुवर्षे बसत, म्हणून गावाने दिलेले ते नाव. बोटे सडसडीत, नखे बारीक कापलेली. गाल सुजून भोपळा झाला होता, तरी मान ताठ. बरोबर काकू होत्या, त्यांच्या हातात नवऱ्याचा कोट आणि स्वतःची मोठी पिशवी. बाहेर बाकांवर माणसे दाटलेली, फोन वाजत असलेला, आणि बाईंचा पाय नेहमीपेक्षा जास्त हलत होता.

"काका, खालची दाढ काढावीच लागेल," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, हृदयाचं काही दुखणं? बीपीचं? त्याच्या गोळ्या वगैरे?"

"छे!" काका म्हणाले. "हृदय माझं एकदम तालात आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर काकूंनी तोंड उघडले. "अहो, पण ते..."

काकांनी त्यांच्याकडे नुसते बघितले. असे बघितले, की काकूंनी उघडलेले तोंड मिटले आणि कोटाची घडी पुन्हा घालायला घेतली.

"मग तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"उघडा, उघडा," काकू पुटपुटल्या. "घरी तर सारखं उघडंच असतं."

सिस्टर हसल्या. बाईही हसल्या आणि त्यांनी मला उचलले.

खालच्या दाढेची सुई फार आत जाते, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे दुखणे मेंदूला कळवणारी नस आणि रक्तवाहिनी शेजारीशेजारी नांदतात, जशी एकाच भिंतीची दोन घरे. मी आत गेले. बाईंनी गाणे सुरू केले, "हळूच ये गं, नीज बाई..."

आणि खुर्चीच्या हातावर काकांची बोटे वाजू लागली.

त्यांचा काय दोष? सूर कानी पडला की बोटे आपोआप चालणारा माणूस तो. तोंड उघडे, डोळे मिटलेले, आणि बोटांतून असा गोड ठेका, की सिस्टरही मान डोलवू लागल्या. बाई आनंदल्या. गाण्याला पहिल्यांदाच साथ मिळाली होती! लय नकळत चढली. "दाराशी जरा थांब..." आणि आली ती रिकामी जागा. पण साथीदाराला रिकामी जागा सोसते का हो? काकांनी तिथे एक झकास तुकडा वाजवून ती भरून टाकली आणि नेमके समेवर येऊन बाईंना पुढची ओळ हातात दिली. बाई त्या समेवर उतरल्या. "मग आत ये!"

दांडा मागे आलाच नाही.

मी रक्तवाहिनीत होते, मित्रांनो. मला ते कळत होते. मी किंचाळले असते, पण पोलादाला कंठ नसतो. औषध चढत्या लयीत, भराभर, थेट रक्तात गेले.

काकांची बोटे थांबली.

"काय झालं, काका?" बाईंनी अंगठा आवरला. आवरताना कडे मागे ओढले गेले आणि माझ्या खिडकीतून लाल धागा कुपीत उतरलेला त्यांना दिसला. त्यांनी मला झटकन बाहेर काढून तबकात टाकले. कुपीत औषध अजून बाकी होते. ते तेवढे तरी वाचले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम. "डोकं..." ते म्हणाले. "डोकं फुटतंय माझं."

"काही नाही, काका. थोडं रक्तात गेलंय. धडधड होईल आणि थांबेल. लांब श्वास घ्या." बाईंनी नेहमीचे बोलत मनगट धरले. आणि बोलणे अर्ध्यावर सोडून नाडी मोजू लागल्या.

धडधड नव्हतीच. नाडी सावकाश चालली होती. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"चक्कर येतेय त्यांना," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्ची आडवी करायला त्यांनी कळ धरली. भोवळ आलेल्याला आडवे करून पाय वर घ्यायचे असतात. त्या खुर्चीवर घाबरून भोवळ येणारे कितीतरी येऊन गेले होते, आणि सिस्टरांचा हात त्या सवयीने पुढे गेला होता.

"थांबा!" बाई ओरडल्या. "खुर्ची हलवू नका. भोवळ आलेल्याची नाडी हाताला लागत नाही. ही मंद आहे, पण हातोडीसारखी लागतेय. बीपीचं यंत्र द्या आधी."

पट्टा काकांच्या दंडावर गुंडाळला गेला. फुगला. सुटला. आकडा बघून बाईंच्या चेहऱ्याचा रंग काकांच्या चेहऱ्यासारखा झाला.

"दोनशेच्या पुढे. सिस्टर, रुग्णवाहिका बोलवा. आत्ता! आणि खुर्ची ताठ करा, एकदम बसती. आडवं केलं असतं तर दाब आणखी डोक्याकडे..." पुढचे त्यांनी गिळले. "काका, माझ्याकडे बघा. तुम्ही कसली गोळी घेता? कसलीही?"

काकांनी मान हलवली. नाही.

"काका, खरं सांगा."

पुन्हा मान हलली. नाही.

काकू उठल्या. कोट खाली पडला. "घेतात," त्या म्हणाल्या. "रोज घेतात."

"गप्प..." काकांची जीभ जड झाली होती, डोके दोन्ही हातांत धरलेले, तरी ते म्हणाले, "गप्प बस. वचन दिलंयस तू."

"दिलं होतं. मोडलं. देवापुढे काय सांगायचं ते माझं मी सांगेन." काकूंनी पिशवी उपडी केली. किल्ल्या, रुमाल, चष्म्याचे घर, पेपरमिंटच्या गोळ्या आणि शेवटी रुमालात गुंडाळलेले गोळ्यांचे पाकीट. "हात थरथरतात त्यांचे. वाजवताना कळू नये म्हणून घेतात. हृदयाच्या नाहीत हो या, हाताच्या आहेत. म्हणून तर तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना. पण कळलं तर लोक दुसऱ्याला साथीला बसवतील, म्हणून माझ्याकडून वचन घेतलं होतं."

बाईंनी पाकिटावरचे नाव वाचले आणि डोळे मिटले.

समजले का, मित्रांनो? गोळी एकच असते, पण ती अंगात शिरली की हात आणि हृदय असा भेद करत नाही. त्या जातीची गोळी हृदयाला पळू देत नाही आणि रक्तवाहिन्यांना सैल होऊ देत नाही. वर माझ्या कुपीतली ॲड्रेनलिन त्या आवळत सुटली. रक्ताचा दाब चढत गेला, आणि एवढ्या दाबापुढे हृदय बिचारे पाय ओढू लागले. बसचालकाचा घोडा सुटला होता. इथे घोड्याचे पाय बांधून कुणी त्याला चाबूक मारत होते. अशा वेळी डोक्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, तर माणूस परत येत नाही.

"आता काय करायचं?" काकूंनी विचारले.

"आता वाट बघायची," बाई म्हणाल्या. "ताठ बसवून ठेवायचं, सारखं बीपी बघायचं आणि वाट बघायची. ॲड्रेनलिन फार टिकत नाही. ती टिकेल तोवर यांनी टिकायचं."

ज्या बाई कधी जागेवर बसल्या नव्हत्या, त्या काकांचे मनगट धरून बसल्या. पाय हलत नव्हता. बाहेर कुणीतरी "अजून किती वेळ?" म्हणून दार ठोठावले, सिस्टरांनी त्याला परत पाठवले. काकू नवऱ्याच्या खांद्याला धरून उभ्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत देवाचे नाव घेत होत्या. काकांनी तो खांदा झटकला. त्यांनी पुन्हा धरला. काकांनी पुन्हा झटकला. त्यांनी पुन्हा धरला.

पट्टा फुगे, सुटे. आकडा तोच. पुन्हा फुगे, सुटे. मी तबकात पडून होते. ज्या टोकाने हे केले ते माझेच, आणि ते तसेच छताकडे रोखलेले. मला वाटत होते, कुणीतरी मला उचलावे, उकळावे, फेकावे, पण असे बघत ठेवू नये.

पुन्हा पट्टा फुगला. बाईंनी आकडा बघितला आणि पहिल्यांदा श्वास सोडला. "उतरतंय."

रुग्णवाहिका आली तोवर काकांच्या ओठांवर थोडा रंग आला होता. ते लोक त्यांना बसत्या खुर्चीतूनच घेऊन गेले. काकू मागे धावल्या, कोट तिथेच राहिला. सिस्टरांनी तो झटकून खुंटीला टांगला.

कोट न्यायला काकू आल्या तेव्हा एकट्याच आल्या. "घरी आलेत," त्या म्हणाल्या. "डोक्याचे फोटो काढले, हृदयाची पट्टी काढली, सगळं ठीक आहे. जेवतात, झोपतात. माझ्याशी बोलत नाहीत."

"अजिबात?"

"मीठ हवं असलं तर भिंतीला सांगतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले. "चूक माझी होती, काकू. मी थांबायला हवं होतं, आणि विचारतानाही अर्धवट विचारलं. त्यांना सांगा, ती गोळी मनानं बंद करू नका म्हणावं, ते आणखी वाईट. मोठ्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. आणि दाढ अजून आहे. ॲड्रेनलिन नसलेलं औषध मिळतं, मी ते मागवून ठेवते."

"मी सांगू?" काकू म्हणाल्या. "बरं. मीही भिंतीलाच सांगते."

त्या दिवसापासून बाई रोग्याला असे विचारू लागल्या: "कशासाठीही असो, हाताची, झोपेची, कुणी शेजाऱ्यानं दिलेली, अंगात कुठली गोळी जाते?" गाणे त्यांनी सोडले. थांबायच्या वेळी आता त्या नुसत्या थांबत, आणि त्या शांततेत सगळी खोली थांबे.

काकांच्या दाढेने मात्र दम धरला नाही. एका सकाळी ती पुन्हा ठणकली आणि दोघे आले. पुढे काका, मागे काकू, मधे चांगले चार हातांचे अंतर. आणि दैवाची गंमत बघा, बाकांवर प्रार्थनागृहातली निम्मी मंडळी बसलेली! गाणारे, झांजा वाजवणारे, अगदी साथीला कुणी बसायचे ते ठरवणारे वडीलधारे गृहस्थसुद्धा. खोलीचे दार उघडे होते. मी तबकातून सगळे बघत होते.

सिस्टर काकांकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आत चला, काका. आतच विचारते."

"इथंच विचारा," काका म्हणाले.

"नको, आत..."

"विचारायचं काय त्यात? माझे हात थरथरतात!" एवढ्या मोठ्याने म्हणाले, की वाचणाऱ्यांनी वर्तमानपत्रे खाली केली. "त्याची गोळी घेतो मी. पुष्कळ दिवस घेतोय. लपवून घेत होतो, त्यात मरायला टेकलो होतो. आता कुणाला दुसऱ्याला बसवायचं असेल साथीला, तर खुशाल बसवा."

मग ते वडीलधारे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "रविवारी लवकर या. नवीन पद बसवायचंय."

काका तसेच उभे राहिले. मग वळले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोशी बोलले. "झालं समाधान?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पुन्हा सांगा. त्या खिडकीपाशी बसलेल्या आजींना ऐकू गेलं नाही."

साऱ्या बाकांवर हसू फुटले. काकाही सुजलेल्या गालाने हसले आणि "आई गं" म्हणून गाल धरला. आत येताना त्यांच्यातले ते चार हातांचे अंतर कुठे गेले ते मला दिसले नाही. दाढ काढेपर्यंत त्यांनी काकूंचा हात धरून ठेवला होता.

पुढे दवाखान्यात एक यंत्र आले. ते थेंबथेंब मोजून औषध सोडते, त्याला घाई ठाऊक नाही. चांगले आहे, मला त्याचा हेवा नाही. मला खणात ठेवले गेले. अंगाला गंज नाही, पण अजूनही दाराबाहेर कुणी "गोळीबिळी काही नाही हो" म्हणाले, की मी खणात अस्वस्थ होऊन कड्यावर कलंडते.

तर मित्रांनो, माझे एवढे मागणे ऐका. दाताची सुई घ्यायला जाल तेव्हा घाबरू नका, ती तुमची वैरीण नाही. पण अंगात जे जाते ते सगळे सांगा, लाज वाटेल ते आधी सांगा. आणि सांगायला जीभ अडली, तर वचन मोडून नवऱ्यासाठी पिशवी उपडी करणाऱ्या, खांदा झटकला तरी पुन्हा धरणाऱ्या त्या काकूंची आठवण ठेवा.